दुसऱ्या मजल्यावरची पेन्शन

तुमच्या घरात फौजीची विधवा असेल आणि तिनं ऐंशी पार केली असेल, तर अभिनंदन. वेळ कसा घालवायचा हा प्रश्न मिटला. आमच्या आत्याचा दोन वर्षांपूर्वी मिटला.

पहिली सूचना जन्मतानाच पाळायची: दाखला काढून ठेवा. 1943 साली, पत्री सरकारच्या धामधुमीत, साताऱ्याकडच्या एका वाडीत आत्या जन्मली तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. केवढा हा निष्काळजीपणा! ऐंशीला फॅमिली पेन्शन वीस टक्क्यांनी वाढते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास, आणि शंभरीला थेट शंभर टक्के. सरकार औक्षवंत हो म्हणतंच आहे, फक्त तारीख दाखव म्हणतंय.

झेरॉक्स दहा-दहा काढा. अकरावी मागतील.

पेन्शनच्या कचेरीत फोन करू नका. उगाच वाजत राहतो.

आता नाव. आत्याचे यजमान, आमचे मामा, मराठा लाईट इन्फंट्रीत हवालदार. लग्नाची नोंद करताना पलटणीतल्या कारकुनानं आत्याच्या नावाला 'बाई' जोडलं. तेव्हा सगळ्यांनाच जोडायचे. आधारवर 'बाई' नाही. झालं! कचेरीच्या खिडकीतले साहेब म्हणाले, "या दोन वेगळ्या महिला दिसतात." अहो, मामा वर्षातनं दोन महिने सुट्टीवर यायचे, त्यातला एक पेरणीत जायचा. दुसरी करणार कधी? पण नाही. प्रतिज्ञापत्र आणा. मग गॅझेट. मग पेपरात जाहिरात. मग ग्रामसेवकाचा दाखला, आणि ग्रामसेवक कधी भेटतो ते तुम्हाला माहीतच आहे. मग पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र, तिथून पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या दप्तरी बदलाची नोंद, मग प्रयागराजचं लष्करी पेन्शन कार्यालय, मग सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम. मामांच्या अस्थी आम्ही माहुलीच्या संगमात सोडल्या होत्या, फाईल मात्र प्रयागच्या संगमावर निघाली. तीही पोचली नाही. वाटेतूनच परत. शेरा: अर्जदाराची सही नमुन्याशी जुळत नाही.

आत्या अंगठा करते.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका. सत्तर वर्षं खुरपं धरलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही. पुसून बघा, खोबरेल लावून बघा, दुसऱ्या हाताचा बघा. मोबाईलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, हे तिथं कुणीही सांगणार नाही. मला शेजारच्या पोरानं सांगितलं.

ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचाराचं कार्ड? 2003 पासून योजना आहे. आधी 'बाई'चं मिटू द्या.

आणि गुडघे धड असतील तरच विधवा व्हा, कारण ती खिडकी दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. परवा आत्या पहिल्या मजल्याच्या पायरीवरच बसली. मांडीवर मामांचं डिस्चार्ज बुक, डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या पिशवीत. वरून निरोप आला, "माताजींना वर यावं लागेल, नियम आहे."

कसला नियम? कुठे लिहिलाय? 'बाई' तुमच्या माणसानं लावलं ना? मग ते काढायचं काम तुमचं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला तालुका, जिल्हा, नोटरी हिंडवताय, आणि दोन जिने उतरायला तुमचे पाय मोडतात? भीक मागायला नाही आली ती. दोन वर्षांची थकबाकी आहे, तिच्या हक्काची. सोमवारी पुन्हा येतोय आम्ही. आत्या खाली रिक्षात बसेल. शाईचं पॅड घेऊन तुम्ही खाली यायचं.