ब्रँड न्यू ओरिजिनल लेन्सच्या बैलाला

"सर, सीडी तो चल रहा है ना?"

हे उत्तर आलंय मला. बाराशे रुपये घेऊन वर हे उत्तर. म्हणजे बघा, माझं प्लेस्टेशन २, सोनीचं जुनं गेमिंग मशीन, पीएस२ स्लिम, ७७००६ मॉडेल, डीव्हीडी वाचत नाही म्हणून डिस्क वाचणारी लेझरची लेन्स मागवली, बसवली, तरी डीव्हीडी वाचत नाही, तसं मी त्या विकणाऱ्याला व्हिडिओसकट कळवलं, तर तो मला म्हणतो एखादी सीडी लावून बघा. लावली. टेकन ३, त्याच्या आधीच्या पीएस१ ची, काळ्या बुडाची. सुरू झाली. झालं! साहेबांच्या लेखी विषय संपला. लेन्स ओके, सेलर ओके, फाइव्ह स्टार द्या आणि निघा.

अरे शहाण्या, त्या एवढ्याशा डबीत दोन लेझर असतात रे. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. एक मेला तरी दुसरा आरामात चालतो, आणि पीएस२ वर खेळायसारखं जे काही आहे ते जवळजवळ सगळं डीव्हीडीवर आहे. मी सॅन अँड्रियास कशावर खेळू, सीडीवर? गॉड ऑफ वॉर २ तर ड्युअल लेयर, म्हणजे दोन थरांची डिस्क आहे, तिथे धडधाकट लेन्सचासुद्धा लेयर बदलताना घाम निघतो, आणि हा मला टेकन ३ चालते म्हणून शाबासकी मागतोय. १९९८ सालचा गेम आहे तो! त्याच्यासाठी मला पीएस२ कशाला पाहिजे?

बरं, पाकीट उघडलं तेव्हाच माझं डोकं सटकलं होतं. लिस्टिंगवर काय लिहिलेलं, "ब्रँड न्यू ओरिजिनल जपान". आलं काय, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली लेन्स, तीही हिंदी वर्तमानपत्राच्या राशिभविष्याच्या पानात. अँटिस्टॅटिक पिशवी नाही, फोम नाही, डोळ्यावर साधं टोपण नाही. आता ज्यांनी कोणी एकदा तरी नवी लेन्स बसवलीये त्यांना माहितीये की नव्या कोऱ्या लेन्सच्या पट्टीवर सोल्डरचा एक छोटा ठिपका असतो, स्टॅटिकने लेझरचा डायोड मरू नये म्हणून शॉर्ट करून ठेवलेला, आणि बसवल्यावर तो काढावा लागतो. मी इस्त्री तापवून, म्हणजे सोल्डरिंग आयर्न तापवून, सोल्डर टिपायची वीक घेऊन तयारीत बसलेलो. ठिपकाच नाही! ठिपक्याच्या जागी पिवळट, चिकट फ्लक्स. म्हणजे कोणीतरी तो कधीच काढलाय, लेन्स कुठल्यातरी मशीनमध्ये नांदून आलीये, तिथून बाहेर पडलीये, कापसाने पुसलीये, आणि आता "ब्रँड न्यू" म्हणून माझ्या पदरात. आणि पॉट! लेझरचा करंट कमीजास्त करायचे ते दोन इवलेसे पॉट असतात ना लेन्सवर, त्यातल्या डीव्हीडीच्या पॉटच्या खाचेवर स्क्रू ड्रायव्हरचे ओरखडे होते. भिंगातून बघितले मी. फोटो काढले. फोटोवर लाल बाण काढले. एक ते चार नंबर टाकले बाणांना.

पाठवले. उत्तर काय? अंगठा. नुसता अंगठा.

ह्या पॉट फिरवणाऱ्या जमातीवर माझा जुना राग आहे, आज निघालाच आहे तर निघू दे. पॉट फिरवला की डायोडला करंट जास्त मिळतो, मरायला टेकलेली लेन्स उठून बसते, गिऱ्हाइकासमोर गेम चालतो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं, आणि थोड्याच दिवसात तो डायोड कायमचा जळतो. ह्याला हे लोक "लेन्स सर्व्हिसिंग" म्हणतात. बोर्डच लावलेला असतो, इथे सीडी-डीव्हीडी लेन्स सर्व्हिसिंग करून मिळेल. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास एकाने माझ्या आधीच्या फॅट, म्हणजे जुन्या जाडजूड पीएस२ ची अशीच सर्व्हिसिंग केलेली. वर मला विचारतो, साहेब, तुम्ही धूळ फार बसू देता का? धूळ! लेझरला फाशी देऊन पोस्टमार्टेममध्ये धूळ लिहितोय. आणि परत आणला तर बुडाचे दोन स्क्रू गायब, उरलेल्यातल्या तिघांची डोकी झिजवलेली. फॅटचे स्क्रू काय सोन्याचे असतात का? कुठे जातात ते? माझी ठाम समजूत आहे की सगळ्या रिपेअरवाल्यांचं मिळून एक गोडाऊन आहे आणि तिथे आपल्या सगळ्यांचे स्क्रू पडलेत.

आणि तो मॉडचिपवाला, कॉपी केलेल्या डिस्क चालाव्यात म्हणून आत चिप मारून देणारा. अरे देवा. ह्या स्लिमच्या आत मला जो प्रकार सापडला तो मी विसरू म्हटलं तरी विसरू शकत नाही. हे मशीन माझ्याकडे आलं ते चिप मारलेलंच आलं, तेव्हा सगळ्यांचीच यायची, दुकानदार चिप आणि दहा डिस्क धरूनच भाव सांगायचा. उघडलं तर आत बोर्डावर कावळ्याचं घरटं. हार्ड डिस्कच्या जुन्या केबलमधून उपटलेल्या तारा, गरजेपेक्षा दुप्पट लांब, सगळ्या एकाच राखाडी रंगाच्या, आणि हे सगळं जागेवर राहावं म्हणून वरून अख्खी ग्लू गन ओतलेली. ग्लूचा डोंगर. त्या डोंगराखाली पॅड, पॅडवर सोल्डरचे लाडू, आणि झाकण लावताना त्यातलीच एक तार चेपलेली. हे काढायला मला आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, टूथपिक आणि भयंकर शिव्या लागल्या. आणि गंमत म्हणजे आता ह्या चिपची गरजच उरलेली नाहीये, २००८ पासून फ्री मॅकबूट नावाचं सॉफ्टवेअर आहे, मेमरी कार्डातून सगळं होतं, एक तार लावावी लागत नाही. पण घरटं मात्र होतंच, अंडी न देता.

तर आता तुम्ही म्हणणार, मग लेन्स कशाला पाहिजे? ओपीएल टाक, ते डिस्कशिवाय गेम चालवणारं सॉफ्टवेअर, आणि यूएसबीवरून खेळ. हो ना, ह्या सल्ल्याचीच वाट बघत होतो. पीएस२ चं यूएसबी १.१ आहे महाराज! १२ मेगाबिट. कटसीन अशी अडखळते की गॉड ऑफ वॉरच्या क्रेटॉसला उचकी लागल्यासारखं वाटतं. मग म्हणतात लॅन केबल लाव, स्लिमला पोर्ट आहेच. आहे, मान्य, चालतंही छान. मग म्हणतात मेमरी कार्डाच्या खाचेत एसडी कार्डवाला अडॅप्टर लाव. तेही चालतं. सगळं चालतं हो! पण माझ्या कपाटात ओरिजिनल डिस्क आहेत, कॉलेजात असताना जेवण मारून, भावाकडून उसने घेऊन विकत घेतलेल्या, कव्हर, पुस्तिका, सगळ्यासकट. त्या मी काय टांगून ठेवू? मला झाकण उघडायचंय, डिस्क टच्चकन बसवायचीये आणि ती फिरायला लागल्याचा तो घर्रर्र आवाज ऐकायचाय. एवढीच अपेक्षा आहे माझी आयुष्याकडून, आणि तीही बाराशे रुपये मोजून.

कॉम्प्युटरवर पीएस२ चे गेम चालवणाऱ्या एम्युलेटरवाल्यांनी तर तोंडच उघडू नये. "भाऊ, पीसीएसएक्स२ वर फोरके मध्ये खेळतो मी." खेळ बाबा. सुखी राहा. कोणी विचारलं का तुला? मी दुखणं सांगतोय गुडघ्याचं आणि तू मला व्हीलचेअरचा ब्रोशर देतोयस.

आणि ते पांढऱ्या चाकाचं. कुठेही डिस्क रीड एररचं नाव काढा, पाच मिनिटांत कोणीतरी येऊन सांगणार, "ते पांढरं चाक एक दात फिरवून बघा." ते चाक फॅटमध्ये असतं! माझं स्लिम आहे! मी पोस्टच्या पहिल्या ओळीत लिहिलंय स्लिम, दुसऱ्या ओळीत मॉडेल नंबर लिहिलाय, फोटो लावलाय, फोटोतसुद्धा ते स्लिमच आहे, पुस्तकाएवढं, तरी पांढरं चाक फिरवा. फिरवतो. तुमच्या घरी येऊन फिरवतो.

अडॅप्टरचं पण राहिलंच. ह्या स्लिमला बाहेरचा साडेआठ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. मागच्या वर्षी ओरिजिनल गेला म्हणून दुकानात मागितला तर काउंटरवरचा माणूस हसला. साडेआठ? साडेआठ असं नसतं साहेब, नऊचा घ्या. नको म्हटलं. मग बाराचा देऊ का, बाराला पॉवर जास्त. ह्या माणसाच्या हातात रोज लोक आपले लॅपटॉप देतात. मी तिथे उभा राहून त्याला अँपिअरवर बौद्धिक दिलं, मागे रांग लागली, एक काकू म्हणाल्या, अहो घ्या ना नऊचा, अर्ध्या व्होल्टसाठी काय भांडताय. काकूंना काय बोलणार.

घरी वेगळीच तऱ्हा. बायको काही बोलत नाही, फक्त डायनिंग टेबलावरच्या ट्वीझरकडे आणि मग माझ्याकडे बघते. आई म्हणते, त्या डब्यावर घालवलेल्या पैशात गॅसची शेगडी आली असती. भाचा आला होता परवा, त्याला मोठ्या कौतुकाने लॅनवरून क्रिकेट ०७ लावून दाखवलं, तर दोन मिनिटं बघून म्हणाला, "मामा, ग्राफिक्स अजून लोड होतायत का?" नाही रे बाळा. झालेत लोड. एवढेच आहेत. त्यात ते एचडीएमआयचं चिमुकलं कन्व्हर्टर, ज्याच्यामुळे सगळे खेळाडू उकडलेले दिसतात आणि बटण दाबल्यावर बॅट पुढच्या षटकात फिरते. घरात जुना डबा टीव्ही होता, सोन्यासारखा जपायला पाहिजे होता, तो भंगारात गेला मी ऑफिसच्या टूरवर असताना. त्या विषयावर घरात अजूनही बोलायचं नाही असं ठरलंय.

खरं सांगायचं तर काल रात्री एक वाजता त्या विकणाऱ्याला मी चार मिनिटांची व्हॉइस नोट पाठवली. शांतपणे सुरुवात केली, तरंगलांबी, डायोड, ड्युअल लेयर, सगळं मुद्देसूद, हिंदीत, आणि माझं हिंदी म्हणजे "वो डिस्क घूमताय लेकिन पढताच नहीं". तिसऱ्या मिनिटाला माझा आवाज चिरकला. सकाळी मीच परत ऐकली, तर एक पोटसुटका माणूस मध्यरात्री हॉलमध्ये उभा राहून एका अनोळखी पोराला ओरडून सांगतोय की "६५० और ७८० में फरक होता है भैया, जमीन आसमान का". मागे कुकरची शिट्टी असावी तसा कुठून तरी आवाज येतोय, तो मीच श्वास घेतोय. निळ्या टिका आल्यात. त्या पोराने ती नोट नक्की दुकानातल्या सगळ्यांना ऐकवली असणार आणि मला वाटतं मीही ऐकवली असती.

पण म्हणून काय मुद्दा खोटा होतो का? १५ कोटींच्या वर विकलं गेलेलं मशीन आहे हे, २०१३ च्या सुरुवातीला बनायचं थांबलं, त्यामुळे खरीखुरी नवी लेन्स आता दुर्मिळ होणार हे मलाही कळतं. मग लिहा ना सरळ, "जुनी आहे, काढलेली आहे, डीव्हीडी चेक केलीये". मी त्याचेही पैसे देईन! २०२२ मध्ये सरकारने राइट टू रिपेअरचं पोर्टल काढलं तेव्हा मी येड्यासारखा उत्साहाने उघडून बसलो होतो. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, फ्रिज-एसी, गाड्या. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा माझा हक्क शाबूत आहे, मनापासून आनंद आहे, फक्त माझ्याकडे ट्रॅक्टर नाहीये. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जा म्हणतात सगळे. गेलो होतो. तिथे आता सीसीटीव्ही घ्या, राउटर घ्या, हवं तेवढं घ्या. पीएस२ ची लेन्स म्हटल्यावर एका काकांनी मायेने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि ते २००५ मध्ये किती धंदा व्हायचा ते सांगत बसले. लेन्स नव्हतीच.

आता त्या विकणाऱ्याचा शेवटचा मेसेज आलाय. रिप्लेसमेंट मिलेगा, पण आधी ही लेन्स परत पाठवा, कुरिअर आपके तरफ से. म्हणजे आणखी दीडशे गेले. आणि मला माहितीये काउंटरवर काय होणार. मागच्या वेळी आत काय आहे विचारल्यावर मी प्रामाणिकपणे लेझर म्हणालो, तर त्यांनी पार्सल टोकाने धरून माझ्याकडे सरकवलं, मॅनेजरला बोलावलं, आणि मॅनेजर मला विचारतो, कितीपर्यंत जातो हा? ह्या वेळी डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "टेपरेकॉर्डरचा पार्ट" लिहून नेतोय.