आयएसओ १४००१ प्रमाणपत्र कशाची हमी देते आणि कशाची देत नाही

मोठ्या बांधकाम कंपन्यांविषयीचा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा, की ज्या कंपनीकडे आयएसओ १४००१, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचे, प्रमाणपत्र आहे तिच्या कामांनी पर्यावरणाला अपाय होत नाही, हे आयएसओ या जागतिक संस्थेने स्वतः तपासलेले असते. कंपनीची प्रत्येक साइट त्या तपासणीतून गेलेली असते. कायद्याचे पालनही त्यातच सिद्ध होते. आणि म्हणून अशा कंपनीच्या पुलाबद्दल किंवा बोगद्याबद्दल आसपासच्या लोकांनी शंका काढणे म्हणजे विकासात खोडा घालणे होय. यातले एकही विधान तपासून पाहिल्यावर टिकत नाही. प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. नीट वाचले तर ते फार कामाचे आहे, आणि म्हणूनच प्रश्न बंद करण्यासाठी त्याचा होणारा वापर मला गैर वाटतो.

आयएसओने तपासले, या विधानाचा निकाल लवकर लागतो. जिनिव्हात मुख्यालय असलेली ही संस्था मानके तयार करते. प्रमाणपत्रे देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात आणि त्यांचे शुल्क तपासणी करून घेणारी कंपनीच भरते. या संस्थांची पात्रता तपासून त्यांना मान्यता देणाऱ्या मंडळांची त्यांच्यावर देखरेख असते, त्यामुळे एवढ्यावरून संशय घेण्याचे कारण नाही. मात्र प्रमाणपत्रावर मान्यता मंडळाचे चिन्ह आहे की नाही, हे आधी पाहावे.

अपाय होत नाही, हे विधान अधिक गंभीर आहे. १९९६ साली पहिल्यांदा आलेल्या आणि २००४ व २०१५ मध्ये सुधारलेल्या या मानकात धूळ, आवाज किंवा सांडपाणी यांची एकही मर्यादा आकड्यांत दिलेली नाही. कंपनीने आपल्या कामाचे पर्यावरणावरील परिणाम ओळखावेत, त्यांतले महत्त्वाचे कोणते ते ठरवावे, उद्दिष्टे आखावीत, मोजमाप ठेवावे, चूक आढळली तर तिचे कारण शोधून दुरुस्ती करावी आणि वरिष्ठ व्यवस्थापनाने या सर्वांचा ठरावीक काळाने आढावा घ्यावा, अशी त्याची मागणी आहे. सारखेच काम करणाऱ्या दोन संस्थांचे तंत्रज्ञान आणि उद्दिष्टे वेगवेगळी असली तरी दोन्ही संस्था मानकाची पूर्तता करू शकतात, हे मानकाच्या प्रस्तावनेतच म्हटलेले आहे.

हा फरक साइटवर कसा दिसतो, ते पाहा. काँक्रीट ओतून झाल्यावर ट्रान्झिट मिक्सरचा, म्हणजे काँक्रीट वाहून आणणाऱ्या गाडीचा, ड्रम आणि चूट (काँक्रीट ओतण्याची पन्हळ) धुवावी लागते. ते पाणी सिमेंटमुळे इतके अल्कधर्मी होते की त्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो; गोड्या पाण्यातले बहुतेक मासे साधारण ६ ते ९ सामूच्या पाण्यातच तग धरतात. प्रमाणित कंपनीच्या कार्यपद्धतीत या पाण्यासाठी अस्तर घातलेला खड्डा, तो किती भरू द्यायचा याची खूण आणि उपशाची वेळ हे सगळे लिहिलेले असते. पण मिक्सर बहुधा काँक्रीट पुरवठादाराचा असतो, चालकही त्याचाच असतो आणि त्याला पुढची फेरी गाठायची असते. खड्डा साइटच्या दुसऱ्या टोकाला असला किंवा काठोकाठ भरलेला असला, तर गाडी जवळच्या पावसाळी गटाराशीच धुतली जाते. बाहेरून करून घेतलेल्या कामांवर नियंत्रण किंवा प्रभाव ठेवण्याची जबाबदारी २०१५ च्या आवृत्तीने कंपनीवर टाकली आहे खरी, परंतु ते नियंत्रण कोणत्या प्रकारचे आणि किती, हे ठरवण्याचे काम कंपनीकडेच आहे. म्हणूनच भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्रापेक्षा त्या खड्ड्याची नोंदवही मला जास्त सांगते: शेवटचा उपसा कधी झाला, गाळ कुठे नेला, मोठ्या पावसाआधी पाणी कुठवर चढले होते.

प्रत्येक साइट तपासली जाते, हेही खरे नाही. एकाच व्यवस्थापन प्रणालीखाली अनेक ठिकाणे असली की प्रमाणन संस्थांना नमुना पद्धतीने ऑडिट करता येते. जगभरच्या मान्यता मंडळांच्या संघटनेच्या, आंतरराष्ट्रीय मान्यता मंचाच्या, नियमांतले मूळ सूत्र ठिकाणांच्या संख्येच्या वर्गमुळाचे आहे. सारखे काम चालणारी १०० ठिकाणे असतील तर पहिल्या ऑडिटला १० आणि त्यानंतरच्या वार्षिक देखरेख ऑडिटला ६ ठिकाणे पाहिली तरी हे सूत्र पूर्ण होते. बांधकामाच्या साइट तात्पुरत्या असल्याने त्यांतल्या कोणत्या व किती पाहायच्या, हे जोखमीचा विचार करून ठरते. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षांची असते. एखादा लहान पूल या मुदतीत पायापासून कठड्यापर्यंत बांधून होतो आणि ऑडिटरची पावले तिथे लागलेलीच नसतात. याशिवाय प्रमाणपत्रावरची व्याप्तीची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. तिथे फक्त मुख्य कार्यालय किंवा एखादाच विभाग लिहिलेला असू शकतो. मोठे प्रकल्प पुष्कळदा दोन-तीन कंपन्यांच्या संयुक्त उपक्रमाकडे असतात. त्या उपक्रमाचा व्याप्तीत उल्लेख नसेल, तर भागीदार कंपनीचे प्रमाणपत्र त्याला आपोआप लागू होत नाही.

कायद्याच्या पालनाविषयी मानक दोन गोष्टी मागते: पालनाची बांधिलकी आणि पालन होते की नाही याचे कंपनीने स्वतः वेळोवेळी केलेले मूल्यमापन. ऑडिटर ही प्रक्रिया चालते का ते पाहतो. तो सरकारी निरीक्षक नसतो. युरोपीय संघाची १९९३ पासूनची ईमास ही योजना याहून पुढे जाते. तिच्यात आयएसओ १४००१ च्या अटी तर आहेतच, शिवाय कायदेपालनाची पडताळणी होते आणि स्वतंत्र पडताळणीकाराने तपासलेले पर्यावरण निवेदन जाहीर करावे लागते. आयएसओ १४००१ मध्ये असे निवेदन सक्तीचे नाही.

कार्बनबद्दल थोडेच लिहितो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के सिमेंटनिर्मितीतून होते आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग भट्टीत चुनखडीचे विघटन होताना निघतो. बांधकाम कंपनीच्या कार्बनचा मोठा भार सिमेंटसारख्या मालाच्या खरेदीत असतो. मानक जीवनचक्राचा, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या टप्प्यांचा, विचार करायला सांगते, पण सविस्तर जीवनचक्र मूल्यांकन मागत नाही. हवामानबदल आपल्या कामाशी संबंधित आहे का, हे ठरवण्याची अट तर २०२४ च्या दुरुस्तीने आली.

शेवटचे विधान शंका काढणाऱ्यांविषयी आहे, आणि त्याला उत्तर मानकातच आहे. कामाची झळ बसणारे शेजारी हे मानकाच्या दृष्टीने हितसंबंधी पक्ष असतात आणि त्यांच्या गरजा व अपेक्षा समजून घेणे प्रमाणित कंपनीवर बंधनकारक आहे. आपल्या पर्यावरण व्यवस्थापनाविषयी आलेल्या संबंधित पत्रव्यवहाराला प्रतिसाद देणे, हीसुद्धा मानकाची अट आहे. त्यामुळे दिवस, वेळ, जागा आणि फोटो देऊन केलेली तक्रार कंपनीला या प्रणालीतच हाताळावी लागते, आणि काय दुरुस्ती केली हे विचारणे पूर्णपणे रास्त ठरते. कंपनी दाद देत नसेल तर प्रमाणपत्रावर नाव असलेल्या प्रमाणन संस्थेला लिहावे. मान्यताप्राप्त संस्थेकडे, तिने प्रमाणित केलेल्या कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी स्वीकारून तपासण्याची कार्यपद्धती असावीच लागते.