फुकट आहे म्हणून

सरकारी दवाखान्यात गर्भपात फुकट, म्हणून पोरी बेफाम सुटल्यात, ही तुमची काळजी रास्तच आहे. फुकट म्हटलं की आपण लग्नातला तिसरा गुलाबजामही सोडत नाही. तेव्हा आळा घालायचाच असेल, तर ऐका.

शाळेपासून सुरुवात करा. २००७ साली महाराष्ट्राने शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आणली होती, तोच बाणा ठेवा. मुलांना जे कळायचं ते मोबाइलवर कळतंच.

निरोधचं सरकार १९६८पासून बघतंय. दवाखान्याच्या पडवीत डबा असतो, बरोबर शिपायाच्या खुर्चीसमोर. तो तिथून हलवू नका. मेडिकलवाल्यानेही पाकीट पेपरात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून द्यावं, म्हणजे रांगेतल्या सगळ्यांना आत काय आहे ते नीट कळतं.

पुरुषांना मात्र त्रास नको. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी ०.३. यावरून बेफिकीर कोण ते स्पष्टच आहे: पोरी.

(र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हापासून समाज बिघडणार आहे. अजून चाललंय त्याचं.)

एवढं करूनही एखादी आलीच, तर केसपेपरच्या खिडकीवर गाठा. १९७१च्या गर्भपात कायद्याने सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, २०२१च्या दुरुस्तीत गर्भनिरोधक फसल्याच्या कलमातला ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला, २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंतची वाट मोकळी केली. पण खिडकीत कायदा थोडाच बसतो? तिथे ताई बसतात. त्यांनी मान वर न करता, मागच्या पंधराजणींना ऐकू जाईल अशा बेताने विचारायचं, “मिस्टर कुठायत?”

ती परत यायची नाही. देशात २०१५ साली अंदाजे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. म्हणजे ज्या फुकटाला तुम्ही घाबरता, त्याच्या वाटेला बहुतेकजणी जातच नाहीत. गेल्या असत्या, तर पुढच्या खेपेची वेळ येऊ नये म्हणून तांबी बसवू का, गोळ्या देऊ का, असं विचारणारी नर्स तरी भेटली असती. मेडिकलवाला असलं काही विचारत नाही. तो सुटे आहेत का एवढंच विचारतो.