नातवाचं पार्सल

"नातवासाठी का हो, काका?"

पार्सल घेऊन आलेल्या पोराने हे विचारलं तेव्हा मी ओटीच्या पायरीवर उभा होतो. श्रावणातला पाऊस धो धो कोसळत होता. खोका तीन पिशव्यांत गुंडाळलेला, आणि तो हातात घेताच आतून खळखळ असा आवाज आला. असा आवाज जगात दोनच गोष्टींचा येतो: वाळलेल्या सुपारीचा, नाहीतर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा. आणि बाहेरगावाहून कोकणात सुपारी मागवणारा माणूस अजून जन्मायचाय. पोराने बरोबर ओळखलं होतं. मी म्हणालो, "हो."

मला नातू नाही. मुलगी पुण्याला नोकरी करते. तिचं लग्न व्हायचंय, आणि तो विषय काढला की तिच्या फोनची रेंज जाते. खरं सांगायला एकच शब्द पुरला असता, "माझ्यासाठी". पण छप्पन्न वर्षांच्या, पतसंस्थेत कर्जवसुली करण्यात उमर घालवलेल्या, लुंगी नेसलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द बाहेर पडत नाही.

माझे साडू पहाटे पाचला गरी घेऊन खडपावर जाऊन बसतात. दुपारी उन्हाने लाल होऊन परततात ते एक बोटभर मासा घेऊन. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही, "नातवासाठी का?" दुसरे एक नातलग रात्ररात्र पत्ते कुटतात. तेही मोठ्यांचंच काम समजलं जातं. मी मात्र चार ठोकळे एकमेकांत बसवले की घरात कुजबूज सुरू होते, आणि शेवटी कुणीतरी डॉक्टरांचं नाव काढतं.

गंमत म्हणजे ते डॉक्टर आमच्यातलेच. रत्नागिरीत दात काढतात आणि घरी ठोकळे जोडतात. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली, त्यातून लेगो ही ठोकळ्यांची कंपनी उभी राहिली, हे त्यांच्या प्रत्येक पेशंटला पाठ आहे. आठ बटणांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हेही ते दाढ कोरता कोरता सांगतात. पेशंटच्या तोंडात यंत्र असल्याने प्रतिवाद होत नाही. मला मात्र त्यांचं एक वाक्य मनापासून पटलेलं आहे. आज आपण ओळखतो त्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं, आणि त्या वर्षीचा ठोकळा आज आणलेल्या ठोकळ्यात टक्कन बसतो. आमच्या माजघराचं दार फणसाच्या लाकडाचं आहे. जूनमध्ये फुगतं ते दिवाळीपर्यंत स्वतःच्याच चौकटीत बसत नाही.

या ठोकळ्यांचा एकच दोष. ते जमिनीवर सांडतात आणि मग लाईट जाते. अंधारात विंचू चावला तर माणूस निदान मोकळेपणी ओरडू शकतो. ठोकळ्यावर टाच पडली तर ओरडायचीही सोय नाही, कारण बायको जागी होऊन "काय चावलं?" म्हणून विचारते.

आमची चौकडी रविवारी माझ्या पडवीत जमते. डॉक्टर, मी, एक निवृत्त भूगोलाचे गुरुजी आणि एक आंब्याचे बागायतदार. गुरुजींचं वेड छोट्या आगगाड्यांचं. कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात ते पंढरीला गेल्यासारखे जातात. ते संग्रहालय उघडलं १९९८ साली, आणि रोह्यापासून पुढची अख्खी कोकण रेल्वे धावू लागली तीही १९९८ सालीच. हा योगायोग सांगताना गुरुजींचा आवाज दर वेळी भरून येतो. आम्हीही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं करतो, कारण पुढची भजी त्यांच्या घरून यायची असते.

यंदा कोकण रेल्वे पडवीत उभारायचं ठरलं. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची गाडी. या मापाला एचओ म्हणतात. गुरुजींनी आकडेमोड केली. सगळा मार्ग सातशे चाळीस किलोमीटरच्या घरात, म्हणजे आपल्या मापात साडेआठ किलोमीटर. पडवी वीस फूट. "काही स्टेशनं गाळावी लागतील," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पंच्याहत्तर मीटर भरला, म्हणजे आमच्या पडवीत शिरलेली गाडी थेट शेजारच्या काकींच्या विहिरीवर निघणार. तो बाद झाला. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल मात्र बसत होता. खरा ६४ मीटर उंच, आमचा साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर. खरा ४२४ मीटर लांब, आमचा सोळा फूट.

इथपर्यंत एकमत होतं. मग रुळांचा विषय निघाला.

एचओच्या दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटरचं अंतर असतं. ते युरोपातल्या रुळांचं माप. आपल्याकडचा ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागलं तर सव्वाएकोणीस येतात. म्हणजे आपली गाडी बाजारातल्या रुळांवर चालवली तर पावणेतीन मिलिमीटरची लबाडी होते. या पावणेतीन मिलिमीटरवर आमची साडेतीन तास जुंपली. गुरुजी म्हणाले, भूगोलात लबाडी चालणार नाही. डॉक्टर म्हणाले, पावणेतीन मिलिमीटर मी रोज कानशीने उडवतो, कुणाला कळत नाही. त्यातून पूल ठोकळ्यांचा करायचा हे कळल्यावर गुरुजी उठूनच उभे राहिले. "ठोकळ्यांच्या पुलावर एचओ गाडी? उद्या सोलकढीत साखर घालाल!" घराण्याच्या जमिनीची वाटणीही याहून शांतपणे झाली होती. शेवटी बायकोने बाहेर येऊन भजीची रिकामी परात उचलली, आणि आम्हाला कळलं की सभा संपली.

बागायतदारांना गाड्याबिड्यांचं काही नाही. त्यांना पाळण्यांचं वेड. गोराईचं पार्क चालू असताना ते बोटीने तिथे जायचे आणि जत्रेतल्या पाळण्यात बसावं तसे एकेका पाळण्यात चारचारदा बसायचे. खोपोलीजवळचं नवं पार्क २०१३ साली उघडलं तेव्हा ऐन एप्रिलमध्ये आंब्याचा हिशेब गड्यांवर टाकून ते उलटंपालटं व्हायला गेले होते. त्यांनी आम्हाला वॉल्ट डिस्नेची गोष्ट सांगितली. डिस्नेलँड १९५५ साली उघडलं, पण त्याआधी या गृहस्थाने स्वतःच्या परसात, ज्यावर माणूस बसू शकेल अशी आठव्या हिश्शाची आगगाडी घातली होती. बायकोच्या फुलझाडांच्या वाफ्याखालून बोगदा काढला. आणि रूळ टाकण्याच्या हक्काचा वकिली भाषेतला करारच बायकोच्या सहीने करून घेतला.

"इंजिनाला नाव बायकोचं दिलं, लिली बेल," बागायतदार डोळा मारून म्हणाले.

मी त्याच रात्री करार लिहायला बसलो. बायकोने तो वाचला, आत नेला आणि दुरुस्त करून परत आणला. पडवीतली चक्की हलणार नाही. कपडे वाळत घालायची दोरी पुलावरून जाईल, आणि ओल्या कपड्यांचं पाणी गाडीवर ठिबकल्यास तक्रार चालणार नाही. पितृपक्षाच्या आत सगळं माळ्यावर. "आणि इंजिनाला माझं नाव द्यायचं नाही. बंद पडलं की चारचौघांत माझं नाव घेऊन शिव्या द्याल."

आईने वेगळाच मुद्दा काढला. खरी रेल्वे आली तेव्हा आमच्या कातळावरची काजूची झाडं त्यात गेली, त्याची भरपाई तिला आजही तोंडपाठ आहे. पडवीचा कोपरा तिच्या आमसुलांचा. ती काठी टेकत आली, रुळांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या जागेचे किती देणार?" शंभर रुपये रोख मोजून घेतले. रेल्वेला इतक्या गांभीर्याने घेणारी घरात ती एकटीच.

पूल बांधताना खऱ्या पानवलची युक्ती वापरली. तिथे खांबांवर जाऊन काँक्रीट ओतलं नाही, वरचा गाळा एका टोकाला ओतून तुकड्यातुकड्याने पुढे सरकवत नेला. आम्हीही पाटावर गाळा जोडायचा आणि लाटण्याने पुढे ढकलायचा. तिसऱ्या दिवशी चपात्यांच्या वेळी लाटणं मिळेना, आणि करारात एक कलम वाढलं.

पावसाने जो छळ मांडला त्याचं काय सांगू. गाडीला वीज रुळांतूनच मिळते, बारा व्होल्ट. बागायतदारांनी कुठून तरी स्वस्तात जुने पितळी रूळ आणले होते. आमच्या हवेत मीठसुद्धा डब्यात पाणी धरतं, तिथे पितळेची काय कथा. रात्रीत काळा थर चढायचा आणि सकाळी गाडी जागची हलायची नाही. मी रोज उकिडवं बसून स्पिरिटच्या बोळ्याने सोळा फूट रूळ पुसायचो. देवघरातली भांडी मी आयुष्यात पुसली नाहीत, हे बायकोने जाता येता नऊ वेळा सांगितलं. मग पुठ्ठ्याच्या बोगद्यात पालीने दोन अंडी घातली. गुरुजी म्हणाले, खरी कोकण रेल्वेही जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लावते, गाड्या सावकाश सोडते. आपणही बोगद्याची वाहतूक बंद ठेवू. ठेवली. पिल्लं बाहेर पडेपर्यंत आमची गाडी नुसती पुलावर पुढेमागे करत होती.

गणपती आले आणि पहिल्यांदा हा सगळा पसारा कायदेशीर झाला. आता ती आरास होती! आरास म्हटलं की कोकणात काहीही खपतं. मुंबईहून आलेले चाकरमानी खाली वाकून पाहायचे, "काका, भारी!" म्हणायचे. मी तीन दिवस छाती काढून फिरलो. चौथ्या दिवशी रात्री जाखडीवाले आले. पायात चाळ बांधलेले बारा गडी गोल धरून एकदम जमिनीवर पाय आपटू लागले. ढोलकी चढली, पाय चढले, खांब थरथरू लागले, आणि मालगाडीचे दोन डबे साडेत्र्याहत्तर सेंटिमीटरवरून खाली ठेवलेल्या खिरापतीच्या ताटात गेले. डबे मिळाले. एक चाक मिळालं नाही. ते दुसऱ्या दिवशी माझ्या साडूंच्या दाढेखाली मिळालं. डॉक्टर तिथेच होते. त्यांनी शांतपणे "आ करा" म्हटलं आणि ९१ कोटींचा आकडा सांगायला सुरुवात केली.

हे चाललेलं असताना मागे वेगळंच शिजत होतं. ते पार्सलवालं पोर त्या दिवशी माझ्याकडून निघालं ते पिठाच्या गिरणीवर थांबलं होतं. गिरणीतून बातमी एसटीच्या थांब्यावर गेली. मला दोन ठिकाणी लोकांनी हसून नमस्कार केला, एकाने "पेढे कुठायत?" विचारलं. मला वाटलं, पुलाचं कौतुक. गौरीच्या दिवशी शेजारच्या काकी आल्या, हातात कागदी पिशवी.

"काय वो, लगीन कधी उरकलंव? आमाला बोलवायचं पन नाय? असू दे. पोर सुखात आहे ना?"

पिशवीतून त्यांनी हाताने शिवलेलं अंगडं-टोपडं काढलं. पांढरं मलमलीचं, कडेने लाल दोरा. बायकोने ते घेतलं, माझ्याकडे पाहिलं. मी पुलाकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून.

"बाबा, मला मुलगा झालाय म्हणे? कुणावर गेलाय?"

त्या दिवशी मी सगळं कबूल केलं. काकींच्या ओटीवर जाऊन, चहा पीत, ठोकळा दाखवून. काकींनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याला इतके पैशे?" टोपडं परत घ्यायला मात्र तयार झाल्या नाहीत. "राहू दे. कधीतरी लागेलच."

रात्री पाणी प्यायला उठलो तर पडवीत दिवा होता. बायको रुळांपाशी वाकली होती. तिने टोपडं इंजिनाला घातलं होतं. निम्मं इंजिन आत गेलं होतं, नाड्या खालून नीट बांधल्या होत्या.

"हे काय?"

"दमट हवा आहे," ती म्हणाली. "कान झाकलेले बरे."