नेटवर्क छोटं म्हणून स्टॅटिक, मोठं म्हणून डायनॅमिक? असं नसतं हो ते

परवापासून तीन ग्रुपवर तोच एक फोटो आलाय, सीसीएनएचा (सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेचा) क्लास करणारी पोरं धडाधड फॉरवर्ड करतायत. राउटरने पॅकेट कुठल्या रस्त्याने, म्हणजे रूटने, पाठवायचं याचे तीन रकाने आहेत: छोटं नेटवर्क असेल तर स्टॅटिक (रूट हाताने घालायचे), काहीच माहीत नसेल तर डिफॉल्ट (बाकी सगळ्यासाठी एकच रस्ता), मोठं असेल तर डायनॅमिक (राउटर एकमेकांकडून रूट शिकतात). आणि खाली ठळक अक्षरात तीन वाक्यं, डायनॅमिक आपोआप सगळ्यात फास्ट रस्ता शोधतं, स्टॅटिकमध्ये लिंक गेली की नेटवर्क बसलं, पण सिक्युरिटी हवी तर स्टॅटिकच. इंटरव्ह्यूला पोरं हेच पाठ करून येतात म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

आधी ते छोटं-मोठं. समजा एखाद्या पतपेढीच्या २०० शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेतून बाहेर पडायला एकच लाइन आहे. शाखेतल्या राउटरला काय लागतं? एक डिफॉल्ट रूट, बास. त्याला बिचाऱ्याला चॉइसच नाही, ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो एक डायनॅमिक प्रोटोकॉल) लावून तो विचार कशाचा करणार? हेड ऑफिसलासुद्धा, सगळ्या शाखांचे आयपी १०.२०.०.०/१६ मधूनच (/१६ म्हणजे पत्त्याचे पहिले १६ बिट ठरलेले) वाटले असतील आणि सगळ्या एकाच प्रोव्हायडरकडून येत असतील तर एक समरी रूट (सगळ्यांचा मिळून एकच) पुरतो. उलट एकाच आवारात तीन इमारती, तीन राउटर, तिन्ही एकमेकांना त्रिकोणात जोडलेले, नेटवर्क एवढंसं, पण तिथे मी पहिल्या दिवशी ओएसपीएफ लावेन. मी पहिल्यांदा विचारतो ते एवढंच की इथून बाहेर पडायला रस्ते किती आणि त्यातला एक मेला तर राउटरला ते कळणार कसं. राउटर किती ते नंतर.

दुसरं म्हणजे डिफॉल्टला वेगळा रकाना देणं. अहो ०.०.०.०/० हा एक प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) आहे, बाकीच्यांसारखाच. तो तुम्ही हाताने घाला, डीएचसीपीने (आपोआप आयपी देणाऱ्या सोयीने) येऊ दे, नाहीतर ओएसपीएफ किंवा बीजीपीमधून (वेगवेगळ्या कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) शिकू दे, राउटरला फरक पडत नाही. त्यात एकही बिट जुळवायचा नसतो म्हणून तो शेवटी वापरला जातो, इतकंच. इथेच दुसरा घोळ होतो, पोरं सांगतात की सिस्कोवर स्टॅटिकची एडी (रूट कुठून आला त्यावर किती भरवसा त्याचा आकडा, कमी तो आधी) १ आणि ओएसपीएफची ११० म्हणून स्टॅटिक नेहमी जिंकतं. चूक! एडी बघितली जाते ती प्रीफिक्स अगदी तोच असेल तेव्हा. स्टॅटिक १०.५.०.०/१६ घातलाय आणि ओएसपीएफने १०.५.७.०/२४ आणलाय, तर १०.५.७.९ कडे जाणारं पॅकेट ओएसपीएफच्या रस्त्याने जाणार, तुमची एडी १ बघत बसेल. जास्त बिट जुळले तो पहिला. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशात यूट्यूब ब्लॉक करायला म्हणून २०८.६५.१५३.० चा /२४ जाहीर केला, तो पीसीसीडब्ल्यू या प्रोव्हायडरमार्गे बाहेर गेला, यूट्यूबचा स्वतःचा होता /२२, आणि साधारण दोन तास जगभरातलं यूट्यूबचं ट्रॅफिक पाकिस्तानकडे वळत होतं. सगळा खेळ दोन बिटांचा.

फास्टेस्ट रस्त्याचं तर हसूच येतं. रिप (एक जुना डायनॅमिक प्रोटोकॉल) फक्त हॉप, म्हणजे मधले राउटर, मोजतं, १५ पर्यंत, १६ म्हणजे पोचतच नाही. मधली लिंक गोगलगायीच्या गतीने चालत असली तरी त्याला घेणंदेणं नाही. ओएसपीएफ बँडविड्थवरून कॉस्ट काढतं खरं, पण सिस्कोच्या जुन्या डिफॉल्टमध्ये रेफरन्स १०० एमबीपीएसचा आहे, म्हणजे १०० एमबीपीएस, १ जीबीपीएस, १० जीबीपीएस तिघांची कॉस्ट १, सगळे एकाच मापाचे. लिंक आत्ता किती भरलीये हे तर ते बघतच नाही. आणि बीजीपी वेगापेक्षा पॉलिसी बघतं, म्हणजे कुणाशी व्यवहार काय ठरलाय.

आता लिंक गेली की स्टॅटिक बसतं, हे अर्धं खरं आहे आणि त्यातलं खरं अर्धं मी स्वतः खाल्लंय. चाकणला एका प्लांटमध्ये दोन लाइन होत्या, एक फायबर, एक बॅकअप. मी शहाणपणा करून फ्लोटिंग स्टॅटिक घातलेला, पहिला डिफॉल्ट एडी १, दुसरा १०, पहिली गेली की दुसरी उचलेल, खूष. मग एका दुपारी बाहेर रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडली. आमच्या राउटरचा पोर्ट जोडलेला होता शेजारच्या ओएनटीला (फायबर जिथे येते त्या डब्याला), ती केबल शाबूत, दिवा हिरवागार, म्हणून राउटरच्या मते लाइन एकदम ठणठणीत आणि सगळी पॅकेट्स खड्ड्यात. मी फोनवर, डिस्पॅच अडकलेला, शेवटी स्टोअरमधले काका म्हणाले ही पिवळी वायर काढून बघू का, काढली आणि नेट आलं!

त्यानंतर मी बाहेरचा एक आयपी सतत पिंग करून त्यावर रूट टांगला, पिंग बंद की रूट बाद. मायक्रोटिक राउटरवाल्यांनो, नुसतं चेक गेटवे पुरत नाही, कारण ते शेजारचा गेटवेच बघतं आणि तो पुष्कळदा पुढचं तुटलेलं असताना पण उत्तर देतो. आणि अजून एक, ज्याला पिंग करताय त्याचा /३२ रूट (फक्त त्या एका पत्त्याचा) पहिल्या लाइनवरूनच बांधून ठेवा. मी नव्हता ठेवला. मग पहिली लाइन मेली की पिंग दुसरीवरून यशस्वी, राउटरला वाटतं पहिली आली, परत तिकडे उडी, परत बंद, असा झोपाळा. बरं डायनॅमिकला तरी लगेच कळतं का? ओएसपीएफमध्ये इथरनेटवर हॅलो दर १० सेकंदांनी, शेजारी मेला हे ठरवायला ४० सेकंद. घाई असेल तर बीएफडी (लिंक मेली हे सेकंदाच्या आत ओळखणारा वेगळा प्रोटोकॉल) लावा.

सिक्युरिटीवर फार लिहीत नाही. स्टॅटिकमध्ये कुणी खोटा रूट शिकवू शकत नाही हे खरं, पण पॅकेट अडवणं फायरवॉलचं काम आहे, आणि ओएसपीएफला ऑथेंटिकेशन (शेजारी खरा आहे ना याची तपासणी) आणि पॅसिव्ह इंटरफेस (त्या पोर्टवर ओएसपीएफ बोलतच नाही) कधीपासून आहेत.

डायनॅमिक लावलं की निवांत, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॅप गेलं ते आठवतंय? फेसबुकच्या मेंटेनन्समध्ये दिलेल्या एका कमांडने त्यांचा बॅकबोन (डेटा सेंटर जोडणारं जाळं) तुटला, त्यांच्या डीएनएस सर्व्हरना (नावावरून आयपी सांगणाऱ्या) डेटा सेंटर दिसेना म्हणून त्यांनी ठरल्याप्रमाणे आपले बीजीपी रूट मागे घेतले, आणि सहाएक तास गेले. बीजीपीने सांगितलेलं कामच केलं.

आणि ज्यांना स्टॅटिक जुनाट वाटतं त्यांनी एक करून बघा. शाखेचा डिफॉल्ट हेड ऑफिसकडे, हेड ऑफिसचा १०.२०.४.०/२२ शाखेकडे, आणि शाखेत प्रत्यक्षात फक्त १०.२०.४.० आणि १०.२०.५.० चे /२४ आहेत. आता हेड ऑफिसमधून १०.२०.७.९ ला ट्रेसराउट (पॅकेट कुठून कुठून जातं ते दाखवणारी कमांड) मारा, तेच दोन आयपी आळीपाळीने ३० ओळी दिसतील, कारण शाखेला तो पत्ता माहीत नाही म्हणून ती डिफॉल्टने परत पाठवते. औषध काय? शाखेच्या राउटरवर त्या /२२ चा एक स्टॅटिक, नल झीरोकडे, म्हणजे तिथे गेलेलं पॅकेट फेकून दिलं जातं.