दात पडला की हरवला?

मी हात वर केला नव्हता. आधारासाठी हात उचलला होता. हे मी आतापर्यंत निदान चाळीस जणांना सांगितलंय आणि चाळीसही जणांनी "हो हो, असेल" म्हटलंय.

झालं असं की, शाळेच्या आवारात काय काय सुधारणा करायच्या यासाठी पालकांची सभा पहिलीच्या वर्गात भरली होती. पहिलीचं बाक सहा वर्षांच्या माणसासाठी केलेलं असतं. मी त्यात आधी एक पाय, मग पोट, मग दुसरा पाय अशा क्रमाने शिरलो. बाहेर पडायचा क्रम काही ठरवला नव्हता. तासाभराने डाव्या पायाला मुंग्या आल्या. खिडकीचा गज धरून जरा उठावं म्हणून हात वर नेला, आणि नेमक्या त्याच क्षणी मोठ्या बाई विचारत होत्या, "मग 'शाळेची खबरबात' दोन्ही भाषांत कोण लिहिणार?"

टाळ्या झाल्या. मुंग्या तशाच राहिल्या.

आमची शाळा द्विभाषिक. अर्धा दिवस मराठी, अर्धा दिवस इंग्रजी. याला पन्नास-पन्नास म्हणतात. काही शाळांत सुरुवात नव्वद-दहाने होते आणि मग कमी असलेल्या भाषेचा वाटा वर्षागणिक वाढवत नेतात. खबरबातही पन्नास-पन्नास असावी असा ठराव झाला. एकच मजकूर दोनदा लिहायचा, त्यात काय मोठंसं, असं ठराव मांडणाऱ्यांना वाटलं. खरं तर मलाही वाटलं.

पहिली बातमी रॅम्पची. दाराशी तीन पायऱ्या होत्या, तिथे चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प होणार होता. मराठीत मी ऐटीत 'उतार' लिहिलं. दुसऱ्या दिवशी एका आजोबांनी फाटकातच गाठलं. "उतार करताय, उत्तम. पण चढायचं कुठून?" मग पुढच्या अंकात 'चढ-उतार' केलं, तर ग्रुपवर विचारणा झाली, "फीमध्ये का?" तिसऱ्या अंकापासून मराठीतही मुकाट्याने रॅम्प.

तीन पायऱ्यांची मिळून उंची दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा रॅम्पचा सर्वसाधारण हिशेब असतो. म्हणजे अठरा फूट. "दीड फुटाला अठरा फूट?" असं म्हणत कमिटीतल्या एका गृहस्थांनी टेप लावली. टेप सायकलस्टँडमधून, गुलाबाच्या वाफ्यातून निघाली ती फाटकाबाहेर गेली. "निम्मा करू की," ते म्हणाले, "जरा जोर लावायचा." मोठ्या बाई वाद घालत नाहीत. त्यांनी चाकाची खुर्ची मागवली, पायरीला एक आखूड फळी लावली आणि गृहस्थांनाच खुर्चीत बसवून म्हणाल्या, "लावा जोर." गृहस्थ अर्ध्यावर गेले, तिथे थोडा विचार केला आणि उलटे आले ते थेट वाफ्यात. रॅम्प अठरा फुटीच झाला, मध्ये सपाट जागा घेऊन वळवलेला. गुलाब तेवढे हलवावे लागले. तसेही ते मोडलेच होते.

मग काँक्रीट. मी लिहिलं, 'काँक्रीट वाळेपर्यंत कृपया पाय ठेवू नये.' त्यावर इमारतींच्या कामातल्या एका बाबांचा सव्वा पानी मेसेज आला. काँक्रीट वाळत नसतं, सिमेंट आणि पाणी यांची क्रिया होऊन ते घट्ट होतं. म्हणून तर रोज पाणी मारतात. लवकर वाळू दिलंत तर तडे जातील. त्याची ताकद साधारणपणे 28 दिवसांनी मोजतात. मी पाटी बदलली, दोन्ही भाषांत. पहिल्याच संध्याकाळी एक कुत्रं त्यावरून निवांत चालत गेलं. त्याला दोन्ही भाषा येत नसाव्यात.

पहिलीच्या वर्गाने मात्र ते 28 दिवस फळ्यावर रोज एक रेघ ओढून मोजले, सकाळी मराठीत, दुपारी इंग्रजीत. दुपारी काहीच अडलं नाही. अडलं सकाळी. अठ्ठाविसाच्या पुढे मुलांनी एकमुखाने 'नवावीस' म्हटलं. बाईंनी 'एकोणतीस' सांगितल्यावर आमची कन्या उभी राहिली. "पण बाई, तीस अजून आलेच नाहीत, तर त्यांच्यातून एक कमी कुठून करायचा?" घरी तिने मलाही हे विचारलं. मी म्हटलं, अगं, आपल्यात तसंच म्हणतात. इतकं दुबळं उत्तर मी याआधी फक्त ऑफिसात दिलं होतं.

पण माझी खरी अब्रू घालवली ती 'हरवले-सापडले' या सदराने. पाण्याच्या सात बाटल्या, एकाच पायाचे तीन बूट, हे नेहमीचंच. एका अंकात मात्र काडेपेटीत ठेवलेला एक दुधाचा दात होता. पहिलीत दात पडायचाच हंगाम असतो. वर्गाने एकदम हसून दाखवलं तर तुटक्या कुंपणासारखं दिसतं. आता इंग्रजीत मुलांचे दात 'हरवतात', मराठीत 'पडतात'. तेव्हा इंग्रजीत मी तो 'लॉस्ट' या मथळ्याखाली टाकला. मराठीत दात हरवला कसं म्हणणार? म्हणून लिहिलं, 'पहिलीत एकाचा दात पडला आहे. ओळख पटवून घेऊन जावा.' सकाळी साडेसातला एका आजींचा फोन. "कोण पडलं? फार लागलंय का?" मी समजावलं. "मग नुसता दात पडला म्हणा ना! ओळख कसली पटवता पोराची?" दुपारी दाताचे तीन मालक आले. तिघांनी तोंड उघडून पुरावा दाखवला, आणि काडेपेटीतला दात तिन्ही खिंडारांत सारखाच बसेल असा होता. बाईंनी काडेपेटी कपाटात ठेवली. अजून तिथेच आहे.

सत्राच्या शेवटी एका आईने तक्रार केली की मुलगा दोन्ही भाषांची खिचडी करतो. मोठ्या बाईंनी शांतपणे सांगितलं की हा प्रश्न नवा नाही. मायामीच्या कोरल वे शाळेत 1963 पासून इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणारी मुलं दोन्ही भाषांत शिकू लागली. मॉन्ट्रिअलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये तर इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनीच आग्रह धरून 1965 साली मुलांना बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकवायला लावलं. दुसरी भाषा खेळताना बोलायला मुलं दोनेक वर्षांत शिकतात. अभ्यासाच्या भाषेला 5 ते 7 वर्षंही लागतात. मूल मध्येच शब्द उसने घेतं ते गोंधळल्यामुळेच घेतं असं नाही. हे सांगताना बाई माझ्याकडे का बघत होत्या ते कळलं नाही. मला तर चाळीस वर्षं झाली.

पण मी या वेळी तयारीनेच गेलो होतो. सभा मोठ्या खोलीत होती, खुर्च्याही मोठ्यांच्या होत्या, तरी मी बसलो नाही. मागच्या भिंतीला टेकून, दोन्ही हात खिशात खोल घालून उभा राहिलो.

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "खबरबात पुढच्या वर्षीही त्यांच्याकडेच राहू दे. कोणाची हरकत असेल तर हात वर करावा."

उजवा हात किल्ल्यांच्या जुडग्यात अडकला. तो सोडवेपर्यंत टाळ्या झाल्या होत्या.