एक्क्यांची जोडी आणि ‘सहजच’

काल रात्री पोकरमध्ये माझ्या एक्क्यांच्या जोडीला सत्ती-दुर्रीने मारलं. हे वाक्य मी सकाळपासून तीन जणांना ऐकवलं आणि तिघांनीही ‘अरेरे’ म्हटलं. (एक्क्यांची जोडी म्हणजे सगळ्यात भारी पानं, सत्ती-दुर्री म्हणजे एकदम टाकाऊ.) वाक्य खरंच आहे. फक्त त्यात थोडी माहिती गाळलेली आहे. ती येईल पुढे. आधीच सांगितली की ‘अरेरे’ मिळत नाही.

स्पर्धा छोटीशी. ऑनलाइन पोकर, नऊ जणांचं एकच टेबल, प्रत्येकी १,५०० चिप्स आणि पहिल्या तिघांना बक्षीस: ५०, ३० आणि २० टक्के. पाऊण तास मी शहाण्यासारखा पानं टाकत, म्हणजे डाव सोडत, बसलो. पाच गेले, चार उरलो. आता एक गेला की बाकी तिघांचं भलं. या अवस्थेला बबल म्हणतात आणि इथे माणूस श्वासही हिशेबाने घेतो. माझ्याकडे ४,२०० चिप्स. ‘सहजच’ असं नाव घेतलेल्या एका प्राण्याकडे ६,०००. तिसऱ्याकडे २,१००. चौथा, १,२०० वाला, दहा मिनिटांपासून टेबलावर नव्हताच. त्याच्या चित्रावर ‘अनुपस्थित’ अशी पाटी होती आणि त्याची पानं आपोआप टाकली जात होती. म्हणजे काही न करता नुसतं बसलो असतो तरी चालणार होतं. नेमकं तेच मला जमत नाही.

कारण तेवढ्यात एक्के आले. इस्पिकचा आणि बदामचा.

या खेळात प्रत्येकाच्या हातात दोनच पानं; त्यांच्या एकूण जोड्या होतात १,३२६. त्यातल्या एक्क्यांच्या फक्त सहा. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. अशा छोट्या स्पर्धेत तेवढे डावच होत नाहीत, त्यामुळे एक्के दिसले की माणूस खेळाडू राहत नाही, यजमान होतो. वाटतं, सगळ्यांनी यावं. मागच्या तीन वेळा मी एक्क्यांवर नीट रेज केला होता, म्हणजे रक्कम वाढवली होती, आणि तिन्ही वेळा सगळे पानं टाकून मोकळे झाले. इतकं दुर्मीळ घबाड हाती लागावं आणि त्याचे मिळावेत नुसते ब्लाइंड, म्हणजे दोघांना पानं बघण्याआधी सक्तीने ठेवाव्या लागतात त्या चिप्स! तो राग माझ्या डोक्यात होता.

म्हणून काल मी रेज केला नाही. १००-२०० चे ब्लाइंड होते, मी गुपचूप २०० ठेवले. साळसूदपणे. जणू माझ्याकडे काहीबाहीच आहे. अनुपस्थिताची पानं गेली, २,१०० वाल्याने शंभर भरून २०० पुरे केले आणि बिग ब्लाइंडवर, म्हणजे सक्तीचे २०० भरायच्या जागी, बसलेल्या ‘सहजच’ने चेक केलं, म्हणजे काही न वाढवता डाव पुढे जाऊ दिला. गाळलेली माहिती ती हीच. त्याने सत्ती-दुर्री घेऊन माझ्याविरुद्ध एक छदामही लावला नव्हता. त्याचे २०० नियमाने आधीच आत होते. मी त्याला फ्लॉप, म्हणजे टेबलावरची सगळ्यांच्या सामायिक अशी पहिली तीन पानं, फुकट दाखवली.

ती तीन पानं: राजा, सत्ती, दुर्री.

एरवी वेगवेगळी दोन पानं घेऊन बसलं तर फ्लॉपवर ती दोन्ही जुळण्याचा योग पन्नासात एखादा. काल तो आला. मी ४०० लावले, २,१०० वाला पळाला, ‘सहजच’ने कॉल केलं, म्हणजे तेवढेच भरले. टर्नला, म्हणजे चौथ्या सामायिक पानाला, चौकी. मी १,००० लावले, तो ऑल-इन, सगळ्या चिप्स आत. मी विचार केला, असं म्हणायला आवडलं असतं. केला नाही. कॉल केलं, पानं उघडली. त्याच्या दोन जोड्या, माझी एक. उरलेल्या ४४ पानांपैकी आठ मला वाचवू शकत होती: दोन एक्के, तीन राजे, तीन चौक्या. पाचव्या, शेवटच्या पानाला आली नव्वी. मी चौथा. चौथ्याला शून्य.

आणि मग मी ती चूक केली जी एक्के लपवण्यापेक्षा मोठी होती. मी चॅट उघडलं.

“७-२?” मी लिहिलं.

“हो,” त्याने लिहिलं.

“७-२ घेऊन कुणी खेळतं का?”

जरा वेळ गेला. मला वाटलं, ओशाळला.

“मी कुठे खेळलो दादा? मी तर बसलो होतो. तुम्हीच बोलावलंत.”

“माझ्याकडे एक्के होते!”

“दिसले की. छान होते.”

छान होते! सांत्वनाला आलेल्या माणसाने म्हणावं तसं. वर त्याचं सगळं शुद्ध देवनागरीत, अनुस्वारासकट. या माणसाचा ऱ्हस्व-दीर्घही चुकत नव्हता, की मला निदान तिथे तरी पकडता यावं.

“मग फ्लॉपला चेक का केलंस? सरळ लावायचे होते,” मी लिहिलं. एव्हाना मी अरे-तुरेवर आलो होतो. तो अहो-जाहोवरच.

“तुम्ही काहीतरी सापळा लावताय असं वाटलं. म्हटलं, मध्ये बोलू नये.”

“रेज केला असता तर?”

“लगेच टाकली असती पानं. सहाशे केले असतेत तर बघितलंही नसतं. पाचशेलाही टाकली असती. चारशेला...” इथे त्याने तीन टिंबं दिली आणि थांबला. प्रामाणिकपणे विचार करत होता बहुतेक. “चारशेला सांगता येत नाही. पण २०० मध्ये तुम्हीच पंगतीला बसवलंत, आता जेवलो म्हणून रागावताय.”

मी उत्तर शोधत होतो, तोवर त्याचं पुढचं आलं.

“छोट्या स्पर्धेत एक्के आले की एक्के आहेत असंच खेळावं, दादा. राजांचंही तेच. लपवून काय उपयोग? इथे तसाही कुणाचा कुणावर विश्वास नसतो.”

मला झोंबलं ते इथे. कारण हेच, अगदी हेच, मी परवा माझ्या भाच्याला तासभर शिकवलं होतं. कागदावर आकडे मांडून. एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध शंभरात ८५ वेळा जिंकतात. तिघांविरुद्ध ६४ वेळा. आठही जण आत आले तर जेमतेम ३५ वेळा. ‘म्हणून,’ मी पेन आपटून म्हणालो होतो, ‘गर्दी करायची नाही! आणि ब्लाइंड वाढलेले असताना नुसते ब्लाइंड मिळाले तरी ते कमी नसतात.’ भाच्याने माझ्याकडे आदराने पाहिलं होतं. कालचे ते ब्लाइंडचे ३०० माझ्या ४,२०० चे सात टक्के होते, बसल्या जागी. पण मला ते ‘नुसते’ वाटले.

तसं पाहिलं तर या सगळ्या उपद्रवाचं मूळ २००३ सालात आहे. त्या वर्षी ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन अकाउंटंटने (आडनाव खरंच मनीमेकर) इंटरनेटवरच्या एका छोट्या स्पर्धेतून पोकरच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळवली आणि ८३९ जणांना मागे... नाही, ८३८ जणांना. ८३९ वा तो स्वतः. बक्षीस २५ लाख डॉलर. त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक कारकुनाला वाटतं की आपणही छोट्या स्पर्धेतून सुरुवात करावी. मीही केली. मी अजून सुरुवातच करतोय.

बरं, या स्पर्धांचं गणितही असं तिरकं, की टेबलावरच्या सगळ्या १३,५०० चिप्स गोळा केल्या तरी बक्षिसातला वाटा निम्माच. म्हणजे चिप्स मिळवण्यापेक्षा न गमावण्याला भाव जास्त. हे ज्याला कळतं तो बबलवर चिकटून बसतो. मला कळतं. मी लेखही लिहितो त्यावर. आणि ऐन वेळी साळसूदपणे २०० ठेवतो! पानं वाटणारा संगणकच बनेल आहे, असं काल रात्री दोन वेळा मोठ्याने म्हणून पाहिलं. हरलेले सगळे हेच म्हणतात, त्यामुळे म्हणताना मजा आली नाही. बायकोने पलीकडच्या खोलीतून विचारलं, “पुन्हा एक्के आले का?” आमच्या घरी हे तब्येतीची चौकशी केल्यासारखं विचारतात.

मी निघून जायला हवं होतं. पण बाद झाल्यावरही टेबल बघता येतं, आणि मला ‘सहजच’ला हरताना बघायचं होतं. तो हरेना. पाचेक डावांनी अनुपस्थिताच्या नावावरची पाटी अचानक गेली.

“सॉरी, नेट गेलं होतं,” त्याने लिहिलं. “मी अजून आहे?”

“आहात,” ‘सहजच’ने लिहिलं. “बक्षिसातही आहात. दादांनी मदत केली.”